खबर ज्या वाटेनं यायची, तीच वाट खचली

8 जुलै 2022, शुक्रवार. आषाढी एकादशी दोन दिवसांवर आली होती आणि टीव्हीवर सकाळपासून एकच विषय होता, जपानचे माजी पंतप्रधान शिंजो आबे यांच्यावर झालेला गोळीबार. दुपारी ते गेल्याची बातमी आली. जवळपास त्याच सुमारास कॅनडात रॉजर्स कंपनीचं अख्खं नेटवर्क आडवं झालं. मोबाइल, घरचं इंटरनेट, लँडलाइन सगळंच बंद पडलं. 1 कोटी 20 लाखांहून अधिक ग्राहक आणि 26 तास. आबेंच्या बातमीपुढे आपल्याकडे याची फारशी चर्चा झाली नाही.

पन्हाळ्यावर मात्र काही मंडळी अशी आहेत की त्यांनी तो दिवस मिनिटामिनिटाने वाचायला हवा. लॉजच्या जिन्याखाली, शाळेच्या कार्यालयात, पतसंस्थेच्या कपाटावर राऊटर बसवून देणारी ही मंडळी. पावसाळ्यात रात्री साडेअकराला यांना ‘नेट गेलंय’ म्हणून फोन येतात. भिंतीला ओल आलेली असते, इन्व्हर्टर अखेरचे आचके देत असतो आणि डब्यावर एलओएसचा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, लाल दिवा लुकलुकत असतो. त्या डब्याला ‘तू बंद पडायला लागलास की मला कळव’ असं सांगून ठेवता येतं. सांगणाऱ्यांची संख्या फार नाही, आणि सांगतात त्यांच्यातही बहुतेकांचं सांगणं अर्धवटच असतं. रॉजर्सची गोष्ट या अर्धवटपणाचीच आहे. फक्त तिथं लॉजच्या जागी एक देश होता.

पुढच्या वेळा पन्हाळ्याच्या घड्याळाच्या आहेत. उन्हाळी वेळेत टोरंटो आपल्या साडेनऊ तास मागे असतं.

काही काळ आधी

रॉजर्सने आपल्या नेटवर्कचा गाभा, म्हणजे देशभरची सगळी वाहतूक जिथून वळते ती मधली यंत्रणा, नव्याने उभारायला घेतली होती. काम सात टप्प्यांत व्हायचं होतं. पहिल्या टप्प्याला कंपनीने स्वतःच ‘जोखीम जास्त’ असा शिक्का मारला. तो बिनबोभाट पार पडला. मग पुढच्या टप्प्यांवर ‘मध्यम’ लागला आणि सहाव्यावर ‘कमी’. हा शिक्का कुणी आळसाने मारलेला नव्हता. जोखीम ठरवण्याची कंपनीची एक गणिती पद्धत होती आणि आधीची कामं सुरळीत झाली की ती पुढच्या कामाची जोखीम उतरवायची. ‘कमी’ लागल्यावर वरिष्ठांची मंजुरी, जास्तीची छाननी, प्रयोगशाळेतली चाचणी यांची सक्ती उरली नाही.

पन्हाळ्याच्या माणसाला हे नवं वाटू नये. 1660 च्या उन्हाळ्यापासून सिद्दी जौहरचा वेढा गडाभोवती करकचून आवळलेला होता, मुंगीही आतबाहेर होत नव्हती. जुलैत शिवाजी महाराजांकडून शरणागतीची बोलणी सुरू झाली, चौक्यांनी मनातल्या मनात जोखीम ‘कमी’ करून टाकली, आणि 12 जुलैच्या रात्री भर पावसात महाराज वेढ्यातून निघून गेले. आपण ही गोष्ट नेहमी गडाच्या बाजूने ऐकतो. वेढ्यात पहाऱ्याला असलेल्यांच्या बाजूनेही ती एकदा ऐकून बघावी. काल काही झालं नाही म्हणून आज पहारा सैल, असा हिशेब त्यांनी केला आणि 2022 मध्ये कॅनडातल्या संगणकाने तोच केला.

सकाळी 11:57 (टोरंटोत रात्रीचे 2:27)
*कोसळायला 2 तास 18 मिनिटे*

सहाव्या टप्प्याचं काम सुरू झालं. अशी कामं रात्रीच उरकतात, कारण त्या वेळी वापर कमी असतो. गडावर तेव्हा दुपारच्या पिठलं-भाकरीची तयारी सुरू असेल.

काम चालू असतानाच एक गोष्ट समजून घ्यायला हवी. ती आपल्या जिल्ह्यात शाळकरी पोराला विचारली तरी तो सांगेल. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात. 39 फुटांना इशारा पातळी, 43 फुटांना धोका पातळी. 2019 आणि 2021 च्या महापुरात पाणी 55 फुटांच्याही वर गेलं, पण ते वेगळं. आकडे दोन का ठेवले, हे इथं महत्त्वाचं. 43 ला घर सोडायचं असतं आणि 39 ला जनावरं, भांडीकुंडी, म्हातारी माणसं हलवायला सुरुवात करायची असते. मधल्या चार फुटांत माणसाला वेळ मिळतो. 39 चा आकडाच नसता तर आंबेवाडी-चिखलीकरांना पुराची पहिली खबर उंबऱ्यावरच्या पाण्याने दिली असती.

राऊटरला अलर्ट लावायचे म्हणजे त्याच्या प्रत्येक गोष्टीचे असे 39 आणि 43 ठरवायचे. प्रोसेसर किती टक्के गुंतला, मेमरी किती भरली, आतलं तापमान किती चढलं, लिंकवरची वाहतूक क्षमतेच्या किती जवळ आली. यांतल्या बऱ्याचशा जागा कंपनीकडून कोऱ्याच येतात किंवा कुठल्या तरी सरासरी आकड्यांनी भरलेल्या असतात. डब्यातून काढून प्लग लावला, नेट आलं की हिशेब करून माणूस घरी जातो. पाण्याची पातळी मोजायला पट्टीच लावलेली नाही, हे त्याला पुरातच समजतं.

आकडा ठरवण्यातही खोच आहे. वाऱ्या-पावसात टॉवरवरची डिश हलते आणि लिंक रात्रभर खाली-वर होत राहते. दर वेळी अलर्ट यायला लागला तर तासाभरात फोनवर शंभर संदेश साठतात आणि माणूस सरळ आवाज बंद करून झोपतो. म्हणून चढताना एक आकडा आणि उतरताना त्याहून खालचा दुसरा आकडा देतात. 80 टक्के झाले की बोंब मार, पण पुन्हा 70 च्या खाली येऊन परत चढल्याशिवाय दुसऱ्यांदा ओरडू नकोस. लिंकच्या बाबतीतही ‘दोन मिनिटं सलग खाली असेल तरच कळव’ असं सांगता येतं. एवढं जरी केलं तरी निम्मा गोंगाट जातो.

राऊटर आपल्या नोंदींना 0 ते 7 अशा पायऱ्या लावतो. 0 म्हणजे यंत्र निकामी, 7 म्हणजे नुसती बारीकसारीक टिपणं. नवशिका उत्साहात 7 पर्यंतचं सगळं स्वतःच्या मोबाइलवर मागवतो. अनुभवी माणूस 0 ते 3 फोनवर घेतो आणि बाकीचं एका कोपऱ्यातल्या संगणकावर साठवतो. नडीला ते साठवलेलंच कामी येतं. नेटवर्क कोसळल्यावर रॉजर्सच्या माणसांना नेमकं तेच हवं होतं आणि ते त्यांच्या हाती लागत नव्हतं. तिकडे येऊच.

दुपारी 2:13 (टोरंटोत पहाटेचे 4:43)
*कोसळायला 2 मिनिटे*

कॉन्फिगरेशनमधला एक बदल वितरणाच्या राऊटरांवर चढवला गेला. त्या बदलात एक गाळणी काढून टाकलेली होती.

जगभरचे राऊटर एकमेकांना सतत सांगत असतात, अमुक पत्त्याला जायचं तर माझ्याकडून वाट आहे. 2022 मध्ये अशा वाटांची पूर्ण यादी नऊ लाखांच्या वर गेलेली होती. ती सगळी यादी प्रत्येक राऊटरला नको असते. बाहेरच्या सीमेवरचे राऊटर ती सांभाळतात आणि आत गाळून, निवडून, मोजकीच पाठवतात. गाळणी निघाली आणि इंटरनेटवरच्या सगळ्या शक्य वाटा गाभ्यातल्या राऊटरांवर येऊन आदळल्या.

तरीही एक बांध राहायला हवा होता. राऊटरला सांगून ठेवता येतं की या शेजाऱ्याकडून इतक्याच वाटा घे. त्याहून जास्त आल्या तर ओरड, आणि मर्यादा ओलांडली तर त्याच्याशी बोलणंच तोड. बऱ्याच राऊटरांत ही सोय अशी असते की मर्यादेच्या 75 टक्क्यांवर इशारा येतो आणि मर्यादेला दार बंद होतं. पुन्हा तेच 39 आणि 43. रॉजर्सच्या गाभ्यात वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं होती. एका कंपनीच्या यंत्रांत अशा भाराला आळा घालण्याची तजवीज होती, दुसरीची तशी वागत नव्हती, आणि गाभ्यातल्या राऊटरांवर जास्तीचा भार रोखणारी मर्यादा लावलेली नव्हती. तज्ज्ञांच्या अहवालाने पुढे हे स्पष्ट शब्दांत नोंदवलं.

दुपारी 2:15 (टोरंटोत पहाटेचे 4:45)

गाभा कोसळला. मोबाइलचा आणि घरच्या इंटरनेटचा गाभा एकच होता, त्यामुळे दोन्ही गेले.

पुढचा तास

ग्राहक अजून झोपेत होते. नेटवर्क सांभाळणाऱ्यांनी मात्र आपापल्या ठिकाणाहून राऊटरांपर्यंत पोचायचा प्रयत्न केला आणि त्यांना आत जाताच येईना. राऊटर सांभाळायचं जे स्वतंत्र नेटवर्क म्हणायचं, तेही त्याच गाभ्यावरून जात होतं. गाभा पडला तशी ती वाटही पडली. बरं, एकमेकांना फोन करावा तर कंपनीच्या लोकांच्या खिशात कंपनीचीच सिम आणि घरात कंपनीचंच इंटरनेट. आणीबाणी सांभाळायला नेमलेल्या माणसांनाच सुरुवातीचे तास एकमेकांशी धड बोलता आलं नाही.

जुलै 2021 च्या अतिवृष्टीत पन्हाळ्यावर येणारा मुख्य रस्ता खचला आणि गडाची वाहतूक बंद पडली. त्या दिवसांत गडावर राहिलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. रस्ता दुरुस्त करायला जे यंत्र आणायचं, ते त्याच रस्त्याने येणार असतं.

याच कारणाने, राऊटरवर अलर्ट लावताना पडद्यावरच्या ज्या रकान्याकडे कुणी बघत नाही तोच मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कशाची खबर द्यायची ते आपण निवडतो, लिंक पडली, यंत्र पुन्हा चालू झालं, कुणी चुकीचा पासवर्ड मारला. कुणाला द्यायची तेही भरतो, देखरेखीच्या संगणकाचा पत्ता. पण ती खबर कुठल्या वाटेनं बाहेर पडणार? लॉजच्या राऊटरची फायबर तुटली आणि ‘माझी फायबर तुटली’ हा निरोप त्याला त्याच फायबरवरून पाठवायचा असेल, तर तो निरोप कधीच निघणार नाही. गिऱ्हाईकाचा फोन आधी येईल. गडावरची निम्मी अलर्ट-व्यवस्था आजही गिऱ्हाईकाच्या फोनवर चालते. बाहेरून आलेला पाहुणा रागावून काउंटरवर येतो, मालक फोन लावतो, आणि मग आपल्याला कळतं.

दुसरी अडचण निरोपाच्या स्वभावातच आहे. राऊटर जो ट्रॅप पाठवतो, म्हणजे 1988 पासून चालत आलेल्या एसएनएमपी पद्धतीतली छोटीशी हाक, ती यूडीपीच्या 162 क्रमांकाच्या दारावर जाऊन पडते आणि तिचं पुढे काय झालं याची राऊटर चौकशी करत नाही. पोचली तर पोचली. त्याच पद्धतीच्या पुढच्या आवृत्तीत इन्फॉर्म नावाचा प्रकार आला. त्यात पलीकडून ‘मिळालं’ असं उत्तर आलं नाही तर राऊटर पुन्हा पाठवतो. सोय असूनही बहुतेक ठिकाणी नुसता ट्रॅपच लावलेला सापडतो, आणि वर समाजशब्द (कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे ओळखीचा परवलीचा शब्द) म्हणून कंपनीने दिलेलं ‘पब्लिक’ हेच नाव तसंच ठेवलेलं असतं. म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्यानेही डोकावून बघावं. 2002 मध्ये प्रमाण म्हणून मान्य झालेल्या तिसऱ्या आवृत्तीत नाव, पासवर्ड, सांकेतिक लिपी सगळं आहे. ते वापरायला दहा मिनिटं जास्त लागतात, एवढंच.

इन्फॉर्म लावला तरी एक भोक उरतं. राऊटरच मेला तर हाक मारणार कोण? त्यावरचा उपाय उलटा आहे. बाहेर, दुसऱ्याच कंपनीच्या जोडणीवर, एक साधा संगणक ठेवायचा आणि त्याने दर मिनिटाला राऊटरला ‘आहेस का?’ विचारायचं. सलग तीनदा उत्तर नाही आलं की बोंब. खबर आली नाही हीच खबर धरायची.

गप्प बसलेल्या यंत्रावर विश्वास ठेवला की काय होतं, ते अमेरिकेने 14 ऑगस्ट 2003 रोजी पाहिलं. ओहायो राज्यातल्या फर्स्टएनर्जी या वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात तिथल्या वेळेनुसार दुपारी 2:14 वाजता धोक्याची सूचना देणारा संगणकी कार्यक्रम अडकला. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे 11:44 झाले होते, स्वातंत्र्यदिन पाव तासावर होता. कार्यक्रम बंद पडल्याची सूचना मात्र कुठेच आली नाही. पडदे शांत, म्हणून माणसं शांत. 2:32 ला शेजारच्या कंपनीने फोन करून विचारलं, तुमची एक लाइन पडून परत चालू झाली का? यांच्याकडे तशी नोंदच नव्हती. 2:41 ला सूचनांचा सर्व्हर बसला. त्याचा निरोप आपोआप गेला, पण तो संगणक विभागाच्या पेजरवर. नियंत्रण कक्षात कुणाला काही नाही. संगणक विभागाने 3:08 ला सर्व्हर पुन्हा चालू केला आणि सूचना परत येऊ लागल्या का, हे समोर बसलेल्या माणसांना विचारलंच नाही. त्याआधी तीनच मिनिटं, 3:05 ला, पहिली मोठी वाहिनी झाडाला टेकून गेली होती. मग दुसरी, तिसरी. 4:13 पर्यंत अमेरिकेची आठ राज्यं आणि कॅनडाचा ओंटारियो मिळून पाच कोटी लोक अंधारात गेले. अलर्ट लावलेला होता, वाजलाही, पण चुकीच्या खोलीत वाजला. मला या सगळ्यात सर्वांत जास्त बोचते ती ही खोली.

संध्याकाळी 5:30 (टोरंटोत सकाळचे 8)
*कोसळून सव्वातीन तास*

कॅनडा जागा झाला. दुकानांत डेबिट कार्ड चालेनात, कारण देशभरचे असे व्यवहार करणारी इंटरॅक ही व्यवस्था रॉजर्सवर टेकलेली होती. सरकारी कार्यालयांची कामं अडली. मिसिसागा, ब्रॅम्प्टनकडे ज्या मराठी घरांत रॉजर्सची जोडणी होती, तिथं इकडून पाठवलेल्या निरोपाला एकच टिक येत राहिली.

सर्वांत वाईट अवस्था 911 या आणीबाणीच्या क्रमांकाची झाली. एखाद्या कंपनीचं नेटवर्क नसलं तर फोन दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून 911 लावतो, अशी सोय असते. इथं टॉवर जिवंत होते. फक्त त्यांच्या मागचा गाभा मेलेला होता. फोनला वाटत राहिलं की आपली कंपनी समोर आहे, म्हणून तो दुसरीकडे वळलाच नाही. सिम काढून टाकलं तर फोन लागला असता, पण हे छातीत कळ आलेल्या माणसाला कोण सांगणार?

राऊटरवरही हेच बघायला मिळतं. पोर्टचा हिरवा दिवा चालू, लिंक ‘अप’, आणि पलीकडे काहीच जात नाही. नुसता लिंक पडल्याचा अलर्ट लावलेला माणूस अशा वेळी छातीठोकपणे सांगतो, ‘माझ्याकडून सगळं बरोबर आहे.’ गडावर हे वाक्य किती वेळा ऐकू येतं, ते लॉजवाल्यांना विचारा. दिवा बघून भागत नाही. लिंकच्या पलीकडच्या दोन-तीन पत्त्यांवर हाक जाऊन परत येते का, याचा वेगळा अलर्ट लागतो.

रात्र

बेल आणि टेलस या स्पर्धक कंपन्यांनी मदत देऊ केली. ग्राहक त्यांच्याकडे तात्पुरते वळवायचे, तर ग्राहकांची ओळख ज्या मध्यवर्ती नोंदीत होती तिथपर्यंतच रॉजर्सला पोचता येत नव्हतं. मदत तशीच राहिली. दुसऱ्या कंपन्यांची सिम मिळवून ती लांबलांबच्या केंद्रांवर पाठवली गेली, तेव्हा कुठे माणसं एकमेकांशी बोलू लागली. देशातल्या सर्वांत मोठ्या दूरसंचार कंपन्यांपैकी एक, आणि तिच्या अभियंत्यांना एकमेकांशी बोलायला शेजाऱ्याचं सिम लागलं. आपल्याकडे साध्या रिक्षावाल्याच्या फोनमध्येही दोन कंपन्यांची दोन सिम असतात. त्यामागे दूरसंचाराचं शास्त्र नाही, घाटात कुठल्या वळणावर कुणाची रेंज जाते याचा अनुभव आहे.

त्या संध्याकाळी टोरंटोच्या रॉजर्स सेंटर या स्टेडियममध्ये द वीकेंड या गायकाचा कार्यक्रम होता. तो पुढे ढकलावा लागला. कंपनीने आपलं नाव दिलेल्या इमारतीतच.

शनिवार, 9 जुलै, पहाटे 4:15 च्या सुमारास (टोरंटोत शुक्रवारची संध्याकाळ)
*कोसळून 14 तास*

कारण सापडलं. 2:13 च्या त्या बदलाने गाळणी काढली, एवढं शोधायला 14 तास लागले. एवढा वेळ हुशारी कमी पडली म्हणून लागला नाही. राऊटरांच्या नोंदी, म्हणजे कोणत्या क्षणी काय चुकलं हे सांगणारे लॉग, अभियंत्यांच्या हाती नव्हते. राऊटरांपर्यंत पोचायची वाट बंद, मग लॉगही बंद. त्याच रात्री इतर कामंही झालेली. आंधळ्यासारखं चाचपडत एकेक शक्यता खोडावी लागली.

लहान राऊटरवर हेच अधिक वाईट होतं. त्याचे लॉग बहुधा तात्पुरत्या मेमरीत असतात. नेट गेलं की मालक सगळ्यात आधी काय करतो? बटण बंद करून चालू करतो. त्या एका क्षणात पुरावा पुसला जातो. दुसऱ्या दिवशी माणूस येऊन बघतो तर राऊटरचं पाटीदप्तर कोरं. घड्याळ मिळवलेलं नसेल तर आणखी गंमत. वीज जाऊन आल्यावर कित्येक स्वस्त राऊटर स्वतःला 1970 सालात समजतात, आणि रात्री 11 ला काय झालं हे जुळवायला काही आधारच उरत नाही. लॉगमध्ये नोंद झाल्यासरशी ती दुसऱ्या संगणकावर पाठवून द्यायची आणि राऊटरचं घड्याळ एनटीपीने इंटरनेटच्या वेळेशी बांधून ठेवायचं, ही दोन कामं फुकटात होतात.

शनिवार, दुपारी साडेचारच्या सुमारास (टोरंटोत सकाळचे 7)

बहुतांश ग्राहकांची सेवा परत आली. पुढे कंपनीने पाच दिवसांचं बिल माफ केलं आणि मुख्य तंत्रज्ञान अधिकारी बदलला. मोबाइलचा आणि घरच्या इंटरनेटचा गाभा वेगळा करायचं ठरलं. सप्टेंबर 2022 मध्ये, सरकारच्या आग्रहावरून, कॅनडातल्या दूरसंचार कंपन्यांनी आणीबाणीत एकमेकांची वाहतूक वाहून नेण्याचा करार केला. कॅनडाच्या दूरसंचार आयोगाने नेमलेल्या तज्ज्ञांचा अहवाल 2024 मध्ये बाहेर आला. राऊटर सांभाळायचं नेटवर्क ग्राहकांच्या वाहतुकीपासून पूर्ण वेगळं हवं, हा त्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा मुद्दा. रॉजर्सने ते काम नंतर केलंही.

लॉजच्या जिन्याखालच्या राऊटरसाठी वेगळं नेटवर्क म्हणजे काही लाखांचा खर्च नव्हे. मुख्य जोडणी ज्या कंपनीची आहे तिच्याशी संबंध नसलेल्या दुसऱ्या कंपनीचं एक सिम, एक छोटा मोडेम, आणि राऊटर व मोडेम दोघांना पुरेल असा वेगळा बॅटरीचा डबा. इन्व्हर्टर संपला की राऊटर आणि त्याचा निरोप दोन्ही एकदमच जाणार असतील, तर सिम लावूनही उपयोग नाही. बॅटरी किती उरली याचाही एक 39 चा आकडा लागतोच.

आणि हे सगळं लावून झालं की बघायचं राहतं. जूनमध्ये पाऊस धरायच्या आधी एका रात्री स्वतःच्या हाताने राऊटरची मुख्य केबल उपसा, नंतर वीज बंद करा, आणि खिशातला फोन किती मिनिटांनी वाजतो ते मोजा. वाजला नाही तर अलर्ट लागलेला नाही, राऊटरचा पडदा काहीही म्हणो.